शून्य तक्रारींचं गणित : ‘पिचर्स’, टीव्हीएफ आणि आपली लॅब

मंडळी, मागच्या पोस्टमध्ये आपण डार्क काउंट पाहिला होता. डिटेक्टरवर प्रकाशाचा एक कणही पडत नसताना तो आकडे दाखवतो, तो प्रकार. आज त्याच्या उलट गोष्ट. प्रकाश पडतोय, पण डिटेक्टर शून्य दाखवतोय.

ही पोस्ट उपकरणांवर नाही. ती एका वेब सिरीजवर आहे, ती बनवणाऱ्या कंपनीवर आहे आणि शेवटी तुम्ही ज्या लॅबमध्ये जाणार आहात तिच्यावर आहे. निमित्त झालं ते जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या कॅफेत. एमएस्सी संपवून पेटची तयारी करणारा एक ज्युनियर भेटायला आला होता. तिथलं दृश्य तुम्हाला माहीत असेल. दर दुसऱ्या टेबलावर लॅपटॉप उघडा, सुलेमानी चहा गार होत चाललेला आणि कुणीतरी कुणालातरी शो ‘पिच’ करतंय. जुहूपासून वर्सोव्याच्या आराम नगरपर्यंत आणि इकडे वीरा देसाई रोडपर्यंतचा हा पट्टा म्हणजे मुंबईच्या नव्या व्हिडिओ कंपन्यांचं घर. ज्युनियरला तिथल्याच एका कंपनीत रिसर्च रायटरची ऑफर आली होती. तो म्हणाला, “दादा, वातावरण एकदम मस्त आहे. ‘पिचर्स’ बघितल्यासारखं वाटतं. आणि मी विचारलंसुद्धा, आजवर एकही तक्रार नाही म्हणे.”

ते शेवटचं वाक्य ऐकून मला चहा गिळवेना. कारण ते वाक्य मी एकदा स्वतः टाइप केलेलं आहे. त्यावर शेवटी येतो. आधी सिरीज.

पाचवा माणूस

‘टीव्हीएफ पिचर्स’चा पहिला सीझन २०१५ च्या जून ते ऑगस्टमध्ये आला. पाच भाग. अरुणाभ कुमार यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या द व्हायरल फीवर या कंपनीची ही निर्मिती. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांची ‘पर्मनंट रूममेट्स’ गाजली होती. टीव्ही वाहिन्यांना विचारल्याशिवाय, यूट्यूबवरून थेट आपल्या हॉस्टेलच्या खोलीत पोचता येतं हे या मंडळींनी दाखवून दिलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. लिखाण चुरचुरीत होतं, नट नवे होते, आणि नोकरी करणाऱ्या इंजिनियरचा कंटाळा इतक्या नेमकेपणाने हिंदीत त्याआधी फारसा आला नव्हता.

गोष्ट साधी आहे. नवीन, जीतू, योगी आणि मंडल हे चार मित्र नोकऱ्या सोडून स्वतःची कंपनी काढायला निघतात. जुन्या ऑफिसातले साहेब हास्यास्पद, नियम निरर्थक, एचआर म्हणजे अडथळा. याउलट मित्रांचं टोळकं म्हणजे खरेपणा. भांडतात, दारू पितात, पुन्हा एकत्र येतात. सगळा ताण एकाच प्रश्नाचा : गुंतवणूकदार हो म्हणेल का?

आता समीक्षक म्हणून बघा. या कंपनीत माणसं किती? चार. चौघेही संस्थापक, चौघेही मित्र, चौघेही पुरुष. कुणीही कुणाचा पगार ठरवत नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर कंपनीत सत्ता असमान होते त्याच्या अलीकडेच पहिला सीझन थांबतो. मी त्या टप्प्याला ‘पाचवा माणूस’ म्हणतो. पाचवा माणूस म्हणजे पहिला कर्मचारी. तो मित्र नसतो, त्याचे शेअर्स नसतात, त्याला रिलीव्हिंग लेटर लागतं. चौघांची चेष्टामस्करी त्याच्यासाठी साहेबांची चेष्टामस्करी असते. हसायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. ही पाचवी व्यक्ती बाई असेल, पंचविशीची असेल, शूट रात्री दोनला संपत असेल, तर तोच मैत्रीचा मोकळेपणा तिला कसा दिसेल?

डिसेंबर २०२२ मध्ये झी५ वर दुसरा सीझन आला. कंपनी वाढलेली आहे, पण कथेचा ताण पुन्हा पैसा उभा करण्याचाच. आपल्याकडच्या स्टार्टअप-कथांचं हे व्याकरणच होऊन बसलंय. संस्थापक म्हणजे नायक, गुंतवणूकदार म्हणजे परीक्षा आणि कर्मचारी म्हणजे पार्श्वभूमी. कथा म्हणून ते चालून जातं. पण कंपनीनेच स्वतःबद्दल अशी कथा रचली, त्यात संस्थापकाने स्वतःच भूमिका केली (योगीचं काम अरुणाभ कुमार यांनीच केलंय) आणि नवे कर्मचारी ती कथा बघून नोकरीला आले, तर मग ती नुसती करमणूक राहत नाही. ती त्या जागेची नियमावली बनते. फक्त ती लिहिलेली नसते.

काय घडलं, आणि कोणत्या वाक्याला किती वजन

इथे मी तुम्हाला संशोधकाची एक सवय लावू पाहतोय. वादग्रस्त प्रकरण वाचताना प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा : हे कोण म्हणतंय, आणि ते कशावर टिकलंय?

फेब्रुवारी २०१६ मध्ये टायगर ग्लोबलने टीव्हीएफमध्ये सुमारे १ कोटी डॉलर गुंतवल्याची बातमी आली. ही नोंद आहे.

१९ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत सुझन फाउलर या इंजिनियर बाईने उबरमधल्या आपल्या वर्षाबद्दल स्वतःच्या नावाने ब्लॉग लिहिला. तिचा मुद्दा नुसता एका मॅनेजरचा नव्हता. तिने लिहिलं की एचआरने तिला सांगितलं, हा त्याचा पहिलाच प्रकार आहे आणि तो कामात उत्तम आहे. नंतर इतर बायकांशी बोलल्यावर कळलं की त्यांनाही त्याच माणसाबद्दल हेच सांगितलं गेलं होतं. म्हणजे तिने आरोप केला तो यंत्रणेवर.

पुढच्याच महिन्यात, मार्च २०१७ मध्ये, मीडियम या संकेतस्थळावर टीव्हीएफबद्दल एक निनावी पोस्ट आली. शीर्षकात उबरचा उल्लेख होता आणि टोपणनावात फाउलरचं आडनाव. हा आरोप, आणि तोही निनावी. कंपनीने तो पूर्णपणे फेटाळला आणि लिहिणाऱ्याला शोधून काढून न्यायासमोर उभं करू अशा भाषेत उत्तर दिलं. त्यानंतर आणखी काही महिलांनी, काहींनी स्वतःच्या नावानिशी, आपले अनुभव मांडले. मार्च संपेपर्यंत एमआयडीसी आणि वर्सोवा पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. १६ जून २०१७ ला अरुणाभ कुमार यांनी सीईओ पद सोडलं. २०२२ साली मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाने त्यांची या खटल्यात निर्दोष मुक्तता केली. तक्रार नोंदवायला झालेला विलंब आणि त्याचं न मिळालेलं स्पष्टीकरण हे त्यातलं एक मुख्य कारण होतं.

हा शेवटचा भाग गाळून कुणी तुम्हाला हे प्रकरण सांगत असेल तर तो अप्रामाणिक आहे. आणि फक्त तेवढाच भाग सांगून “बघा, काहीच नव्हतं” म्हणत असेल तर तोही. न्यायालयासमोरचा प्रश्न होता : या व्यक्तीविरुद्धचा हा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला का? उत्तर मिळालं : नाही. ते मान्य. माझा प्रश्न वेगळा आहे. इतक्या लोकांना आपलं म्हणणं मांडायला पोलीस ठाणं, निनावी पोस्ट किंवा फेसबुक हेच रस्ते का उरले? पहिल्या प्रश्नाचं एकक व्यक्ती आहे, दुसऱ्याचं एकक संस्था. सिनॉप्सिस लिहिताना आपण हीच चूक करतो. एकक ठरवत नाही, मग पुरावा एका पातळीवरचा आणि निष्कर्ष दुसऱ्या पातळीवरचा.

आणि कंपनीचं पहिलं उत्तर पुन्हा वाचा. आरोप खोटे आहेत असं म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क होता. पण ‘लिहिणाऱ्याला शोधू’ हे वाक्य बाहेरच्या जगासाठी असलं तरी ते सगळ्यात आधी आतल्या माणसांनी वाचलं असणार. ज्याला काही सांगायचं होतं त्याला काय कळलं असेल? माझी टीका इथे आहे. आरोप खरे ठरोत वा खोटे, ही टीका तशीच राहते.

बिल कुणी भरलं

दुसरं प्रकरण एआयबीचं. २०१२ मध्ये पॉडकास्ट म्हणून सुरू झालेली मंडळी पाच-सहा वर्षांत जाहिराती, हॉटस्टारवरचा शो आणि सिनेमापर्यंत पोचली. ऑक्टोबर २०१८ मध्ये, मीटूच्या लाटेत, त्यांच्यासोबत काम केलेल्या एका विनोदकारावर अनेक महिलांनी आरोप केले. मग असं समोर आलं की सहसंस्थापक आणि सीईओ तन्मय भट यांच्यापर्यंत त्याबद्दलचे आरोप आधीच पोचले होते, तरी काम सुरू राहिलं. कंपनीने हे जाहीरपणे मान्य केलं. ते पदावरून बाजूला झाले, आणखी एक सहसंस्थापक त्यांच्यावरच्या वेगळ्या आरोपामुळे रजेवर गेले (ते आरोप त्यांनी नाकारले), आणि रोजचा कारभार एचआर प्रमुखांकडे गेला. हॉटस्टारने शो थांबवला. मामि महोत्सवाने त्यांच्या सिनेमाचा खेळ वगळला. मे २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की चॅनेल बंद आहे आणि टीमला जावं लागलंय.

सीईओला एक गोष्ट कळते. मित्र म्हणून कळते, की साहेब म्हणून? मित्र असेल तर तो दुसऱ्या मित्राला दोन शब्द सुनावतो आणि विषय संपतो. साहेब असेल तर त्याला लेखी नोंद घ्यावी लागते. चार मित्रांच्या कंपनीत हे दोन रोल एकाच माणसात असतात आणि अवघड वेळी माणूस मित्राचा रोल निवडतो. त्यात खलनायकी काही नाही. तुम्ही-मीही तेच केलं असतं. म्हणून तर नियम लागतो.

आणि शेवटी नोकऱ्या कुणाच्या गेल्या? एडिटर, रायटर, प्रॉडक्शनवाली पोरं. ज्यांना काहीच ठरवता येत नव्हतं, ती. संस्थापकांना पुढे काम मिळत राहिलं, कारण त्यांची नावं लोकांना माहीत होती. जबाबदारी वर ठेवलेली नसेल तर किंमत खाली उतरते, हे या क्षेत्राचं मी पाहिलेलं सगळ्यात ठळक उदाहरण.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

विशाखा निकाल १३ ऑगस्ट १९९७ चा. कायदा २०१३ चा, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची, या विषयात काम करणाऱ्या संस्थेतली वगैरे. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत. समितीच नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. समितीचा आदेश ऑफिसात दिसेल असा लावायचा.

तीन गोष्टी मात्र अधोरेखित करा, कारण या पट्ट्यात त्या कुणी सांगत नाही. एक, ‘कर्मचारी’ या शब्दात कंत्राटी, रोजंदारी, तात्पुरते, ट्रेनी सगळे येतात. “तू तर फ्रीलान्सर आहेस” हे उत्तर नाही. दोन, कामाच्या निमित्ताने गेलेली जागा आणि कंपनीने दिलेली गाडी हेही कामाचं ठिकाण आहे. म्हणजे मढचं लोकेशन आणि पहाटेची परतीची कॅबसुद्धा. २०२२ च्या मार्चमध्ये केरळ उच्च न्यायालयाने सिनेमाच्या निर्मिती संस्थांनाही समिती बांधून घातली, ती याच विचाराने. तीन, समेट हा चौकशीच्या आधी आणि फक्त तक्रार करणाऱ्या महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकतो. साहेबाला वाटलं म्हणून नाही.

“पण समिती म्हणजे निरपराध माणसाला अडकवायचं हत्यार” हा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. तो हसण्यावारी नेऊ नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १२ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की समितीने घाईघाईने चौकशी उरकली, बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून प्रकरण परत पाठवलं. पण त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्या खरोखर नेमल्या आहेत का, त्यांची माहिती लोकांपर्यंत पोचते का, हे तपासायचे निर्देशही दिले. दोन्ही गोष्टी एकाच दिशेच्या आहेत. नीट चौकशी हे आरोप झालेल्याचंही संरक्षण आहे. ती आत होत नाही तेव्हा निकाल ट्विटरवर लागतो, आणि तिथे कुणालाच बाजू मांडायची संधी नसते.

आता गणित

तर “आजवर एकही तक्रार नाही”. हे वाक्य ऐकून आपल्याला बरं का वाटतं? कारण आपण मनातल्या मनात ‘नोंद = घटना’ असं समीकरण मांडतो. डिटेक्टरवाल्या माणसाने ही चूक केली तर गाइड त्याला दारातून परत पाठवेल. नोंद म्हणजे घटना गुणिले नोंद होण्याची शक्यता. या दुसऱ्या आकड्याला आपण कार्यक्षमता म्हणतो.

समजा दोन कंपन्या आहेत. आकडे माझे, हिशोबापुरते. कंपनी ‘अ’मध्ये वर्षात ४ गैरप्रकार घडतात, पण भीतीपोटी प्रत्येकाची तक्रार व्हायची शक्यता फक्त १० टक्के. कंपनी ‘ब’मध्ये १ गैरप्रकार घडतो आणि तक्रारीची शक्यता ६० टक्के, कारण समितीवर लोकांचा भरवसा आहे. (तक्रारी एकमेकींपासून स्वतंत्र धरू.)

‘अ’मध्ये वर्षभरात शून्य तक्रारी यायची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. ‘ब’मध्ये ४० टक्के.

पुन्हा वाचा. शून्य तक्रारी वाईट कंपनीत जास्त संभवतात! तुम्हाला आधी दोन्ही कंपन्या सारख्याच संभाव्य वाटत असतील, तर शून्य हा आकडा ऐकल्यावर समोरची कंपनी ‘अ’ असण्याची शक्यता ५० वरून ६२ टक्क्यांवर जाते. आणि एखादी तक्रार येऊन ती नीट निकाली निघाली असेल तर तो उलट ‘ब’च्या बाजूचा पुरावा. अर्थात एकाच माणसाविरुद्ध पाच तक्रारी आल्या तर गणित बदलतं. आणि खरोखरच चांगल्या जागी, जिथे काहीच घडत नाही, तिथेही शून्यच दिसेल. मुद्दा इतकाच की कार्यक्षमता माहीत नसताना शून्याला अर्थ नाही.

मग कार्यक्षमता कशी मोजायची? लॅबमध्ये आपण माहीत असलेला प्रकाश सोडून बघतो. इथे तसं करता येत नाही, पण जवळपास जाता येतं. ‘समितीत कोण आहे?’ हा प्रश्न पाच कर्मचाऱ्यांना वेगवेगळा विचारा. पाचही जणांनी नाव सांगितलं तर उपकरण चालू आहे. ते एकमेकांकडे बघायला लागले तर वायर निघालेली आहे. जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांवर किती रेंगाळल्या हे सांगायचा नियम आलाय. चांगलंच आहे. फक्त तो अहवाल वाचताना शून्यावर टाळ्या वाजवू नका.

माझं वाक्य

एमएस्सीनंतर आणि पीएचडीच्या आधी मी वर्षभर एका कंपनीत विज्ञानाचे व्हिडिओ लिहायचो. नाव लिहीत नाही. वीसेक माणसं. “आपण फॅमिली आहोत” हे वाक्य दिवसातून दोनदा. कामाची मजा होती, खोटं कशाला बोलू. मी तिथे जेवढं लिहायला शिकलो तेवढं पुढे कुठेच नाही.

तिथल्या एका सहकारी मुलीने मला एका रात्री तिच्या फोनवरचे मेसेज दाखवले. एका सिनियरचे. मी ते वाचले. दोन दिवसांनी संस्थापकांनी तिला आणि त्या सिनियरला एकत्रच केबिनमध्ये बसवलं. समिती नव्हतीच. नंतर मला बोलावून विचारलं, “तू काही पाहिलंस का?” माझं रिलीव्हिंग लेटर आणि पीएचडीसाठीचं शिफारसपत्र त्याच टेबलावर अडकलेलं होतं. मी म्हणालो, “नीट आठवत नाही.”

ती महिन्याभरात सोडून गेली. पुढच्या आठवड्यात गुंतवणूकदारांसाठी प्रेझेंटेशन बनवायचं होतं. ‘आमची संस्कृती’ ही स्लाइड माझ्याकडे आली. संस्थापक म्हणाले तसं मी टाइप केलं : आजवर एकही तक्रार नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. लेखी तक्रार घ्यायला कुणी नव्हतंच.

हे मी तिची परवानगी घेऊन लिहितोय. तिने एकच बदल सुचवला. मी आधी ‘मी घाबरलो होतो’ असं लिहिलं होतं. ती म्हणाली, “घाबरले तर मी पण होते. तुला पत्र हवं होतं, ते लिही.” तर ते लिहिलं.

लॅब म्हणजे चार माणसांची कंपनी

तुम्ही म्हणाल, आम्हाला तर स्टार्टअपमध्ये जायचंच नाही. बरं. मग लॅबकडे बघा. एक गाइड, सहा-सात विद्यार्थी. पैसा त्याच्या नावाने येतो, पेपरवर सही त्याची, थिसिस पुढे जाणं त्याच्या हातात. रात्री उशिरापर्यंत काम, कॉन्फरन्सचा प्रवास, “आमची लॅब म्हणजे घरच”. सुझन फाउलर स्वतः भौतिकशास्त्र शिकलेली आहे आणि ‘व्हिसलब्लोअर’ या तिच्या पुस्तकात उबरच्या आधी विद्यापीठातल्या अनुभवांबद्दलही तिने लिहिलंय. ते वाचताना मला उबरपेक्षा तोच भाग ओळखीचा वाटला.

फरक एवढाच की आपल्यासाठी नियम जास्त स्पष्ट आहेत. यूजीसीचे २०१५ चे विनियम (अधिसूचना मे २०१६) वाचा. प्रकरणात विद्यार्थी असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत : पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तिन्ही पातळ्यांवरचे, निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. म्हणजे ज्याच्या सहीवर तुमचं भवितव्य आहे तो न्यायाच्या खुर्चीत नको, हे तिथे लिहून ठेवलंय. स्टार्टअपवाल्यांनी हे एकच कलम उचललं असतं तरी खूप झालं असतं. पण आपल्यातल्या किती जणांना आपल्या विभागाच्या समितीतल्या रिसर्च स्कॉलर प्रतिनिधीचं नाव माहीत आहे? मी माझ्या मजल्यावर विचारलं. मलाच माहीत नव्हतं.

तेव्हा जॉइन होण्याआधी, कंपनी असो वा लॅब, एवढं करा :

१. समितीत कोण आहे ते साहेबाला नाही, सगळ्यात नव्या माणसाला विचारा.

२. बाहेरची सदस्य खरंच बाहेरची आहे का बघा. संस्थापकाची कॉलेजमधली मैत्रीण ‘बाहेरची’ नसते.

३. मागच्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांपैकी दोघांशी बोला. लॅब असेल तर अर्धवट सोडलेल्यांशी.

४. तुमचं शिफारसपत्र देऊ शकतील अशी माणसं एकापेक्षा जास्त ठेवा. हे मी अनुभवाने सांगतोय. एकाच टेबलावर सगळी पत्रं अडकली की आठवण कमजोर होते.

५. काही पाहिलंत तर त्याच रात्री तारीख-वेळेसह वहीत लिहा, लॅब नोटबुकसारखं. विलंबाचं स्पष्टीकरण नंतर कुणी ऐकत नाही.

ज्युनियरने ऑफर घेतली. मी अडवलं नाही, पगार चांगला आहे आणि घरी गरज आहे. फक्त त्याने पाच जणांना तो प्रश्न विचारला. तिघांना माहीत नव्हतं, एकाने एचआरचं नाव सांगितलं, एकाने संस्थापकांचं. त्याने तसा ईमेल टाकला : समितीचा आदेश कुठे लावलाय? दहा दिवस झाले, उत्तर आलेलं नाही. आलं की कळवतो.

पुढच्या वेळी पुन्हा डिटेक्टर. डेड टाइम. तोवर आपापल्या विभागाच्या समितीतल्या विद्यार्थी प्रतिनिधीचं नाव शोधून ठेवा. मी माझ्या विभागातलं शोधलंय, माझ्या डेस्कपासून चौथ्या खुर्चीवर बसते.